अनक्काचा वाटा

औषध कमी भरलंय अशी तक्रार घेऊन पहिल्यांदा आली ती एक कानडी बाई होती. कडेवर मुलगा, त्याच्या कानात कापसाचा बोळा, आणि हातात रिकामी बाटली. डॉक्टरांनी आठवडाभर द्यायला सांगितलेलं औषध त्याआधीच संपलं होतं. मला तेव्हा कानडी धड येत नव्हतं, म्हणून दुकानाचे मालक कृष्णाजी मध्ये उभे राहून तिचं बोलणं मला मराठीत सांगत होते. मी विचारलं, कुठल्या चमच्यानं देते? तिनं बोटांनी माप दाखवलं. पोहे खायचा चमचा असावा एवढं ते होतं. मला हायसं वाटलं. आमच्याकडचा औषधाचा लहान चमचा तिला दिला, कसा काठोकाठ भरायचा ते दाखवलं आणि मनातून ती गोष्ट काढून टाकली.

हे एकसष्ट साल. माझा नवरा पद्माकर जलहळ्ळीच्या सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून लागला, आणि आम्ही पुण्याहून येऊन बंगलोरात मल्लेश्वरमला बिऱ्हाड केलं. मी पुण्याला फार्मसीचा डिप्लोमा केला होता. घरात बसून दिवस सरत नव्हता. संपिगे रोडच्या मागच्या गल्लीत कृष्णाजींचं औषधांचं दुकान होतं आणि त्यांचा जुना कंपाउंडर नुकताच काम सोडून गावी गेला होता. कृष्णाजी साठीचे, उंच, कपाळाला गंध, डोक्यावर काळी टोपी. घराणं मराठ्यांचं, पण कित्येक पिढ्या म्हैसूर राज्यातच गेलेल्या. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा निम्मं कळलं नाही. मी कामाचं विचारलं तर म्हणाले, "सरी अक्का, उद्यापासून या. पण स्वल्प जुनं दुकान हाय, सांभाळून घ्या." कानडीत सरी म्हणजे बरं आणि स्वल्प म्हणजे थोडं, हे मला मागाहून कळलं.

त्या सुमारास मुलांसाठी पेनिसिलिनचं पातळ औषध नवीनच आलं होतं. म्हणजे बाटलीत येई ती कोरडी पूड. दुकानदारानं त्यात उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत ओतायचं, हलवायचं, फेस बसला की पुन्हा खुणेपर्यंत ओतायचं. मग ते गुलाबी, दाट, गोड औषध तयार होई आणि आठवडाभर टिके. मुलं ते कुरकुर न करता घेत. कडू गोळ्या मधात कुस्करून नाक दाबून पाजायचे दिवस ज्या आयांनी काढले होते, त्यांना तर ते नवलच वाटे.

जुना कंपाउंडर हे सगळं पुढच्या फळीवर, रस्त्याच्या धुळीत करी, आणि पाणी घेई माठातलं. मी अण्णांना म्हटलं, हे चालणार नाही. मला आतली एक स्वच्छ खोली हवी आणि रोज ताजं उकळलेलं पाणी हवं. दुकानाच्या मागेच त्यांचं घर होतं. अण्णा मला घेऊन आत गेले. मग किल्ली आणून त्यांनी घरातली एक बंद खोली उघडली. छोटीशी खोली, विहिरीकडे एक खिडकी, भिंतीत एक फडताळ. जमीन स्वच्छ होती, बंद खोलीत असते तशी धूळही नव्हती. अण्णांच्या पत्नी तुंगाबाई दारात आल्या, खोलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेल्या. मला वाटलं, घरात परक्या बाईची ये-जा त्यांना आवडलेली नाही. पण दुसऱ्या दिवशी पाणी उकळायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. विहिरीचं पाणी शेंदून, गाळून, पितळी पातेल्यात उकळून, वर धुतलेलं फडकं बांधून त्या ते खोलीत आणून ठेवत. त्या कमी बोलत. मी त्यांना मावशी म्हणे आणि त्या मान हलवत.

पहिल्या तक्रारीनंतर दुसरी आली, मग तिसरी. एक तमिळ बाई, एक शाळामास्तर, पोस्टातल्या कारकुनाची म्हातारी आई. सगळ्यांचं म्हणणं एकच, औषध पुरत नाही. प्रत्येकाला मी लहान चमचा दिला होता, स्वतः भरून दाखवला होता. मोठ्या माणसांच्या औषधांबद्दल कुणाची तक्रार नव्हती. फक्त मुलांचं ते गुलाबी औषध, आणि तेही त्या खोलीत मी तयार केलेलं.

मग मी तपासायला लागले. भरलेली बाटली चमच्या-चमच्यानं ओतून मोजली, माप बरोबर होतं. एक बाटली खोलीतल्या फडताळात तशीच ठेवून रोज पाहिली, पातळी एक केसभर हलली नाही. दुकानात औषध कमी होत नव्हतं. ते कमी होत होतं घरोघरी, जिथे मूल आजारी होतं तिथे.

पद्माकरला सांगितलं तर तो हसला. "मुलं हात मारतात, थोडं सांडतं. आया कबूल करत नाहीत. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस."

मलाही तेच खरं वाटायला हवं होतं. पण पोस्टातल्या कारकुनाचा मुलगा बरा होऊन पुन्हा तापला होता, मास्तरांच्या मुलीचा घसा पुन्हा सुजला होता. हे औषध अर्धवट घेऊन चालत नाही. ताप उतरतो, आईला वाटतं पोर बरं झालं, आणि आत उरलेला रोग दुप्पट जोरानं उठतो. हे मी शिकलेली होते, त्यामुळे मला झोप लागेना.

त्यातच नयना आजारी पडली. नयना म्हणजे पद्माकरच्या कारखान्यातल्या उपेंद्र नावाच्या मित्राची मुलगी, पाच वर्षांची. ही मंडळी मुंबईची, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायची. मुलीच्या छातीत कफ भरला होता, डॉक्टरांनी तेच औषध लिहून दिलं. मी बाटली तयार केली आणि स्वतः घेऊन गेले. नयनाची आई प्रतिमा माझ्याच वयाची. तिला म्हटलं, "औषध मी येऊन देईन. तू बाटलीला हात लावू नकोस."

"एवढं काय त्यात?" प्रतिमा म्हणाली. "पण दे बाई, मला तेवढीच झोप मिळेल."

मी बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवली आणि प्रत्येक वेळी औषध दिल्यावर पातळीवर पेन्सिलीनं रेघ मारली. पहिले एकदोन दिवस रेघा सारख्या अंतरावर पडल्या. मला वाटलं, पद्माकर म्हणतो तेच खरं. तिसऱ्या दिवशी दुपारी गेले तर औषध सकाळच्या रेघेच्या खाली गेलेलं. प्रतिमा स्वयंपाकघरात होती, तिनं बाटलीला हात लावला नव्हता. बाटली इतक्या उंच फळीवर होती, की नयनाचा हात पोचणं शक्य नव्हतं. चमचा मी धुऊन, पुसून, पालथा घालून गेले होते. तो उताणा होता, आणि त्याच्या खळग्यात गुलाबी ओल होती.

मी नयनाच्या उशाशी बसले. ती जागी होती, डोळे तापानं चमकत होते.

"औषध कुणी घेतलं, नयना?"

"अनक्कानं," ती म्हणाली, जणू मला हे माहीतच असायला हवं.

"अनक्का कोण?"

"ती नाही का. पायाशी बसते. तिला माझ्यापेक्षा जास्त खोकला आहे. ती म्हणते, स्वल्प दे. स्वल्प म्हणजे काय गं मावशी?"

नयनाला बंगलोरला येऊन तीन-चार महिने झाले असतील. घरात कानडी कुणी बोलत नव्हतं. मी तिला काहीतरी उत्तर दिलं, औषध पाजलं, थोपटलं. तिला झोप लागली. प्रतिमानं चहा आणून दिला आणि ती पुन्हा आत गेली. मी तिथेच बसले होते. बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावरून फुलांची टोपली घेतलेली बाई ओरडत चालली होती. नयनाचे ओठ मिटलेले होते, श्वास संथ चालला होता. आणि पलंगाच्या पायथ्याशी कुणीतरी खोकलं.

लहान मुलाचा खोकला होता तो. कोरडा, खोल, मध्येच दम घेणारा. थांबला, पुन्हा आला. तिथे कुणीही नव्हतं. पांघरुणाची कड मात्र बसलेल्या माणसाखाली दाबली जावी तशी ताणलेली होती. मी कप खाली ठेवला आणि चहा तसाच टाकून उठले.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या तक्रारीतल्या, कान फुटलेल्या त्या मुलाचं घर शोधून काढलं. तो आता बरा होऊन ओट्यावर भोवरा फिरवत होता. माझ्या मोडक्यातोडक्या कानडीत मी त्याला विचारलं, आजारी असताना कुणी यायचं का? तो म्हणाला, अनक्का यायची. त्याच्या आईनं कपाळाला हात लावला. ती म्हणाली, तापात बडबडायचा, आता बरा झाला तरी तेच. अनक्का आता का येत नाही म्हणून रडतो. मुलगा घाबरलेला नव्हता, त्याला तिची आठवण येत होती. घाबरले होते मी.

नयनाची बाटली वेळेआधी संपली. मधल्या एका दिवसात तिचा ताप पुन्हा चढला. डॉक्टरांनी छाती तपासून चेहरा गंभीर केला, औषध नव्यानं सुरू करायला सांगितलं आणि म्हणाले, या वेळी एकही चमचा चुकता कामा नये. प्रतिमा माझा हात धरून म्हणाली, "सुलभा, तूच दे बाई, तुझ्यावरच भिस्त आहे." मला तिच्या डोळ्यांकडे बघवेना.

तिथून मी तडक दुकानात गेले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. अण्णा कापसाची गुंडाळी सोडवत बसले होते.

"अण्णा, अनक्का कोण?"

त्यांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. उठून दुकानाचं एक दार लोटून घेतलं आणि परत येऊन बसले.

"हे नाव तुमाला कुणी सांगितलं?"

मी सगळं सांगितलं. रेघा, चमचा, खोकला, कान फुटलेला मुलगा. अण्णा ऐकत राहिले. मग बोलायला लागले, एकेक वाक्य वेगळं करून.

त्यांना एक मुलगी होती, अनुसूया. धाकटा भाऊ तिला अनूअक्का म्हणायचा, त्याचं बोबड्या तोंडात अनक्का झालं. घराबाहेर हे नाव कुणालाच माहीत नव्हतं. तो भाऊ आता दावणगेरेला नोकरीला होता. चव्वेचाळीस साली, लढाई चाललेली असताना, आठ वर्षांच्या अनुसूयाला न्यूमोनिया झाला. पेनिसिलिनचं नाव तेव्हा नुकतं कानावर आलं होतं.

"दंडूत आलतं ते औषध," अण्णा म्हणाले. दंडू म्हणजे गावाच्या पलीकडची लष्करी छावणी. "सोल्जर लोकांसाठी. मी औषधाचा माणूस, मला ठाऊक होतं तिथं हाय म्हणून. गेटापाशी दोन दिवस उभा राहिलो. साहेब वाईट नव्हता. म्हणाला, बाहेर द्यायचा हुकूम नाही. इथनं टांग्यानं तासाची वाट. पोर त्या खोलीत झोपलेली, आणि औषध तासाच्या वाटेवर." त्यांनी कापसाची गुंडाळी पुन्हा हातात घेतली. "वर्षा-दोन वर्षांत माझ्याच फळीवर आलं बघा ते."

"त्या खोलीत?"

"तुमी स्वच्छ खोली मागितली. घरात तेवढीच होती. तुंगा रोज झाडायची, कुलूप लावायची."

"मावशींना हे माहीत आहे?"

अण्णांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "त्यांनाच विचारा. मला कधी काय ऐकू आलं नाही, अक्का. मी किती वेळा त्या दारात उभा राहिलोय. मला काय बी ऐकू येत नाही."

तुंगाबाई विहिरीपाशी होत्या. मी काही बोलण्याआधीच त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि रहाटाचा दोर सोडून दिला. पोहरा खाली आपटल्याचा आवाज आला.

"कळलं काय तुमाला," त्या म्हणाल्या. प्रश्न नव्हता तो.

"तुम्हाला केव्हापासून माहीत आहे, मावशी?"

"तुमी पहिली बाटली केली त्या दिवसापासनं. गोड वास सुटला बघा खोलीत. मी पाणी ठेवायला आले, आणि कोपऱ्यात खोकली. सतरा वर्षांनी माझी पोर खोकली." त्यांच्या तोंडावर जे होतं त्याला मी हसू म्हणणार नाही, पण दुःखही म्हणणार नाही. "बाटली ज्या घरी जाती तिकडं ती जाती. संध्याकाळी परत येती. मी तिच्यासाठीच पाणी उकळते."

"मावशी, ती त्या मुलांचं औषध घेते. त्यांना कमी पडतं. नयनाचा ताप परत चढलाय."

"स्वल्प घेती. चमचाभर घेती. आठ वर्सांचं पोर, किती घेणार ते?"

"नयना पाच वर्षांची आहे."

त्या पदर खोचून पुन्हा पाणी ओढू लागल्या. मी म्हटलं, उद्यापासून मी औषध पुढच्या दुकानातच तयार करीन, पाणीही माझ्या घरून आणीन. त्यांनी ऐकल्याचं दाखवलंसुद्धा नाही.

मी तसं केलंही. नयनाची दुसरी बाटली पुढच्या फळीवर, माझ्या घरच्या पाण्यात केली. काही उपयोग झाला नाही. दुसऱ्याच दिवशी पट्टीवरची रेघ औषधाच्या वर राहिली, आणि नयना अर्धवट उघड्या डोळ्यांनी म्हणाली, "अनक्काला आज खूप तहान लागली होती." अनक्काला आता त्या घरची वाट माहीत झाली होती. नयनाचं तोंड एवढंसं झालं होतं, खोकताना तिची हाडं दिसत होती, आणि दोन मुलींचा खोकला मला वेगवेगळा ऐकू येत होता.

काम सोडून द्यावं, असं त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं. पण माझ्या जाण्यानं नयनाची बाटली भरणार नव्हती. मी परत तुंगाबाईंकडे गेले. त्या खोलीतच होत्या, भिंतीला टेकून जमिनीवर बसलेल्या. मी समोर बसले. कोपऱ्यातून तो खोकला येत होता. आम्ही दोघीही तो ऐकत होतो, आणि त्यामुळे बोलणं एकदम सोपं झालं.

"मावशी, ऐकताय ना, कसा येतोय तो? मी येऊन वर्ष होत आलं. इतक्या बाटल्यांतलं थोडं थोडं घेतलं तिनं, तरी खोकला आहे तसाच आहे. इथला एक चमचा, तिथला एक चमचा, असं हे औषध लागू पडत नाही. त्या मुलांनाही नाही, तिलाही नाही. ती इतकी वर्षं आजारीच आहे."

तुंगाबाईंनी डोळे मिटले.

"तिच्या नावाची बाटली कुणी केलीच नाही," मी म्हटलं. "ती दुसऱ्यांच्या दारात मागत फिरते."

हे बोलायला नको होतं असं मला लगेच वाटलं. तुंगाबाईंचा चेहरा पार उतरला. त्या म्हणाल्या, "बरी झाली तर जाईल."

"कदाचित जाईल."

"मग मी काय ऐकू?"

मी उठले. दारापर्यंत गेले तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, "किती द्यायचं आठ वर्सांच्या पोराला?"

त्याच दुपारी मी बाटली तयार केली, त्याच खोलीत, तुंगाबाईंनी उकळलेल्या पाण्यात. लेबलावर अण्णांनी आपल्या हातानं मुलीचं नाव लिहिलं. कानडीत लिहिलं, आणि लिहून झाल्यावर पेन खाली ठेवायला त्यांना सुचेना. ते दाराबाहेरच थांबले.

तुंगाबाईंनी चटई घातली, तिच्यासमोर मांडी घालून बसल्या आणि चमचा काठोकाठ भरून पुढे धरला. बसलेल्या मुलाच्या तोंडाच्या उंचीला. त्यांचा हात जराही हलत नव्हता. मी डोळ्यांनी पाहिलं ते सांगते. चमच्यातलं औषध हळूहळू खाली जात गेलं, कडेनं, घोट घेताना जातं तसं. खाली एक थेंब पडला नाही. तुंगाबाईंनी रिकामा चमचा बाजूला ठेवला आणि पदराच्या टोकानं समोरच्या हवेतच कुणाचं तरी तोंड पुसलं.

"गोड हाय ना," त्या म्हणाल्या. "उगी भ्यालीस."

त्या दिवसापासून नयनाच्या पट्टीवरच्या रेघा बरोबर येऊ लागल्या. मी सकाळ-संध्याकाळ जाऊन पाहत होते. ताप उतरला, मग छाती मोकळी झाली, मग तिनं भात मागितला. प्रतिमा रडली आणि माझ्या हातावर साखर ठेवली. नयनानं एकदाच विचारलं, "अनक्का येत नाही का आता?" मी म्हटलं, ती तिच्या घरी औषध घेते. तिला ते पटलं.

इकडे तुंगाबाईंनी एकही वेळ चुकवली नाही. खोलीतला खोकला ओला झाला, मग विरळ झाला. शेवटचा चमचा द्यायच्या दिवशी मी मुद्दाम तिथे थांबले. त्यांनी तो भरला आणि बराच वेळ तसाच हातात धरून ठेवला. मला वाटलं, या आता देणार नाहीत. अण्णा दाराबाहेर होते. मग तुंगाबाईंनी हात पुढे केला.

खोलीत काहीही ऐकू येईनासं झालं. आम्ही तिघं तसेच बसून राहिलो. संध्याकाळ झाली तेव्हा तुंगाबाई उठल्या, चटई गुंडाळली आणि स्वयंपाकाला लागल्या.

मुलांचं औषध त्यानंतर कुणाला कमी पडलं नाही. मला वाटलं, संपलं. आठवडा गेला असेल. मी खोलीत बाटली हलवत होते, आणि तुंगाबाई पाणी घेऊन आल्या. त्या दिवशी त्यांनी नवीन लुगडं नेसलं होतं, केसात मोगरा होता.

"बरी झाली बघा," त्या हळूच म्हणाल्या. "आता तिला भूक लागतीय."

मी बाटली खाली ठेवली. त्यांनी मला हाताला धरून आत नेलं. स्वयंपाकघरात एक लहान ताट मांडलेलं होतं, दहीभात कालवलेला. त्यात चार बोटांची खूण उमटलेली होती, आणि अर्धा भात संपलेला होता.

तेव्हापासून त्या घरात पावलं वाजू लागली. दुपारी दुकान शांत असताना मला ती ऐकू येत. अनवाणी, हलकी, विहिरीकडून ओसरीकडे पळत गेलेली. पुढे पैंजण वाजू लागलं. अण्णा माझ्याकडे बघून विचारत, "येतंय काय ऐकू?" मी हो म्हटलं की विचारत, "काय करतीय?" मी सांगे, "खेळतेय, अण्णा." मग ते पुन्हा कामाला लागत. त्यांना शेवटपर्यंत काही ऐकू आलं नाही. ते माझ्याकडून ऐकत.

नयना पुढे एकदा दुकानात आईबरोबर आली होती. तिनं आतल्या दाराकडे बोट दाखवून मला खेळायला जाऊ दे म्हणून हट्ट केला. मी तिला आत जाऊ दिलं नाही. तिथून पुढे प्रतिमाला लागणारी औषधं मीच घरी पोचवू लागले. वर्षभरात त्यांना कारखान्याच्या वसाहतीत घर मिळालं आणि ती मंडळी जलहळ्ळीला राहायला गेली. मला सुटल्यासारखं वाटलं.

पण खरी गोष्ट माझ्या ध्यानात यायला आणखी काही वर्षं जावी लागली. तुंगाबाई दर दिवाळीला झगा शिवत. एका वर्षी त्यांनी मला कापड दाखवून विचारलं, एवढं पुरेल काय? आठ वर्षांच्या मुलीला ते फार झालं असतं. मी तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "आठ कुठली? वाढती की ओ ती." त्यानंतर परकर-पोलकं आलं. विहिरीकडून येणारं पाऊल जड झालं, पळणं थांबलं, चालणं आलं. कधी दुपारी आत दोघी बायकांनी बसून काही निवडावं तसे सुपाचे आवाज येत, आणि तुंगाबाईंचं बोलणं मध्ये मध्ये थांबे, समोरच्याचं उत्तर ऐकण्यासाठी थांबतं तसं. घरात कुणाला काही इजा झाली नाही. तुंगाबाई आधीपेक्षा तजेलदार दिसत. तरी त्या खोलीत बाटलीची खूण बघताना माझी पाठ कायम दाराकडे असे, आणि ते मला कधीच सवयीचं झालं नाही.

एकोणसत्तर साली पद्माकरची बदली पिंपरीला झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी अण्णांचा निरोप घ्यायला गेले. तुंगाबाईंनी मला आत नेऊन पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. मी त्यांना वाकून नमस्कार केला. मग त्यांनी आतल्या अंधाराकडे वळून हाक मारली.

"अनू, ये. अक्कांच्या पाया पड. त्यांच्या हातचं औषध घेतलंस तू."

पैंजण वाजत वाजत आलं आणि माझ्यासमोर थांबलं. मी पाटावरच होते. माझ्या पावलांवर दोन हात टेकले. लहान मुलीचे नव्हते ते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचे हात, तळवे किंचित ओले, आत्ताच विहिरीचं काम करून आल्यासारखे. बांगड्या माझ्या घोट्याला लागल्या. हात ऊबदार होते. कपाळही टेकलं असावं, कारण पायावर श्वास जाणवला.

दारात अण्णा उभे होते, नेहमीसारखे माझ्या तोंडाकडे बघत. तुंगाबाईही बघत होत्या. ते हात माझ्या पायांवरून हलत नव्हते. नमस्कार करणारा आशीर्वादासाठी थांबतो, तशी ती थांबली होती.

औक्षवंत हो, हे शब्द माझ्या ओठापर्यंत आले आणि तिथेच अडकले. मी हात खाली नेला. तेल लावून चापून बसवलेल्या केसांना माझी बोटं लागली, आणि मधोमध पडलेला भांगही.

"सुखी रहा," मी म्हटलं.

तेव्हा ते हात उचलले गेले.